‘तू फक्त सांग, मी करतो’ या वाक्यातून सुटायचं कसं

मुलगी पाच महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. माझ्या छपाईच्या कारखान्यात मशीनजवळ उभी राहून मी एका खोक्याचं प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, तपासत होते. डोळे प्रूफवर होते, डोकं मात्र घरी. डायपर संपत आलेत, लशीची तारीख जवळ आली आहे, बाळाला सांभाळणाऱ्या ताई शुक्रवारी लवकर जाणार आहेत, मग चार ते सहा कोण थांबणार? मी सही केली. दोन दिवसांनी ग्राहकाचा फोन आला: बारकोड जुन्या मालाचा आहे. सहा हजार खोकी रद्दीत गेली.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कळवळून म्हणाला, “अगं, मला सांगायचंस ना. तू फक्त सांग, मी करतो.” तो मनापासून बोलत होता आणि सांगितलेलं काम तो खरंच करायचा. तरीही ते वाक्य मला टोचलं. का टोचलं हे कळायला आणखी काही महिने गेले. सांगणं हेच तर काम होतं. आधी ओळखायचं, लक्षात ठेवायचं, वेळेवर सांगायचं आणि मग झालं का ते बघायचं. हे सगळं माझ्याकडे होतं, त्याच्याकडे फक्त मधला तुकडा.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ साली ३५ जोडप्यांशी बोलून याच गोष्टीचा अभ्यास मांडला. घरकामामागच्या डोक्याच्या कामाचे त्यांनी चार भाग केले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय बरेचदा दोघं मिळून घेत होते. पहिला आणि शेवटचा भाग मात्र जास्त करून बायकांकडे होता. ते वाचताना मला माझं घर तर दिसलंच, पण माझा कारखानाही दिसला. तिथेही अठरा जण काम करत होते आणि लक्षात ठेवत होते मी एकटी.

मी पॅकेजिंगची छपाई करते. त्याआधी नऊ वर्षं एका कंपनीत उत्पादन व्यवस्थापक होते. मुलगी आता नऊ वर्षांची आहे, मुलगा पाच. पहिल्या बाळंतपणात मी जे केलं आणि दुसऱ्याच्या वेळी जे बदललं, त्यातून हे लिहिते आहे. सगळ्या बदलांचं सूत्र एकच होतं: काम वाटायचं नाही, जबाबदारी मुळापासून शेंड्यापर्यंत सोपवायची.

आधी कामाची जागा, तीही पोट दिसायच्या आत

एक छोटी वही घ्या. दोन आठवडे, कोणीही तुम्हाला काहीही विचारलं की ते त्यात लिहा. प्रश्न, वेळ, विचारणारा, बस्स. उत्तर लिहू नका. माझ्या वहीत ११८ प्रश्न जमले. कागद कुठल्या जीएसएमचा (वजनाचा) घ्यायचा, अमुक ग्राहकाला किती दिवसांची उधारी चालते, डाय (खोक्याचा आकार कापणारा साचा) जुनी वापरायची की नवी करायची, पेमेंट आज सोडायचं का. मला वाटत होतं की मी मोठे निर्णय घेते. वही सांगत होती की दिवसभर मी लोकांची आठवण बनून बसले आहे.

मग प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करा. एक, हे कुठेतरी लिहिलेलं असतं तर कोणी विचारलंच नसतं. दोन, हे दुसरं कोणी ठरवू शकतं, फक्त त्याला तसा अधिकार नाही. तीन, हे खरोखर मलाच ठरवावं लागेल. तिसऱ्या खुणेचे माझे नऊ प्रश्न निघाले. ११८ मधले नऊ.

पहिल्या गटासाठी मी प्रत्येक ग्राहकाचं एक पान केलं: कागद, शाई, डायचा क्रमांक, उधारीचे दिवस, कोणाशी बोलायचं, कशावरून रागावतात. दुसऱ्या गटासाठी मर्यादा ठरवली. ठरलेल्या रकमेपर्यंतची खरेदी पर्यवेक्षक करेल, त्यापुढची हिशेब बघणाऱ्या ताईंसोबत मिळून. आणि प्रूफवर सही करण्याचा अधिकार मी दुसऱ्या एका सहकारीला दिला. हे मला सगळ्यात जड गेलं. पण बारकोडची ती चूक मीच केली होती, त्यामुळे ‘माझ्याशिवाय चुका होतील’ म्हणायला मला जागा उरली नव्हती.

ग्राहकांच्या बाबतीत घाई चालत नाही. सातव्या महिन्यात ‘आता यापुढे यांच्याशी बोला’ असं कळवलं तर माणूस बिथरतो. प्रसूतीच्या तारखेआधी किमान चार महिने त्या सहकारीला प्रत्येक भेटीत सोबत न्या. पहिल्या महिन्यात ती फक्त ऐकेल. दुसऱ्यात टिपणं काढून बैठकीनंतर तीच मेल पाठवेल. तिसऱ्यात ती बोलेल आणि तुम्ही गप्प बसाल. चौथ्यात तुम्ही जाऊच नका.

आणि मग रंगीत तालीम. बाळंतपणाची रजा हीच पहिली परीक्षा ठरू देऊ नका. मुलाच्या वेळी सातव्या महिन्यात मी सोमवार ते शुक्रवार घरी बसले, फोन बंद ठेवून. पाच दिवसांत तीन गोष्टी अडल्या. बँकेचा ओटीपी माझ्याच फोनवर येत होता, त्यामुळे दोन पेमेंट थांबली. छपाईच्या प्लेट करणाऱ्याशी झालेला दराचा शब्द कुठेच लिहिलेला नव्हता. आणि दोघांनी एकाच वेळी सुट्टी मागितली तर कोणी ठरवायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. तिन्ही गोष्टी तासाभरात सुटण्यासारख्या होत्या, पण त्या खऱ्या रजेत उघड झाल्या असत्या तर मी दहाव्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन फोनवर असते. मुलीच्या वेळी मी तशीच होते.

पैशांचं बोलून घ्या

नोकरी करणाऱ्या बाईला निदान कायद्याचा आधार असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा आहे, त्यातले सहा आठवडे प्रसूतीनंतरचे सक्तीचे. सोबतच्या शिफारशीत हा आकडा १८ आठवडे आहे. तुमच्या देशात किती आहे ते नेमणूकपत्रावर विसंबून न राहता मूळ कायद्यात वाचा. पण हा करार नोकरदार स्त्रियांसाठी आहे. स्वतःचा धंदा असेल तर तुमची रजा तुम्हालाच जमवावी लागते.

मी असं केलं: आधी स्वतःला ठरलेला पगार घ्यायला लागले. तोवर महिनाअखेरीस जे उरेल ते माझं, अशी पद्धत होती. त्यात माझ्या गैरहजेरीची किंमत काढताच येत नव्हती. पगार ठरल्यावर सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात साठवली. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झाला त्या महिन्यापासून दरमहा थोडी थोडी.

एक गोष्ट जोर देऊन सांगते. बाळाला सांभाळणाऱ्यांचा किंवा पाळणाघराचा खर्च आईच्या कमाईतून वजा करू नका. ‘माझा अर्धा पगार तर पाळणाघरातच जातो, मग कशाला करायचं?’ असं कितीतरी हुशार बायकांच्या तोंडून मी ऐकलं आहे. मूल दोघांचं आहे, तर खर्चही दोन्ही उत्पन्नांतून वजा व्हायला हवा. आणि हिशेब एका वर्षाचा करू नका, दहा वर्षांचा करा. डेन्मार्कमधल्या आकडेवारीवर हेन्रिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई पुरुषांच्या तुलनेत घसरते आणि दीर्घ काळानंतरही सुमारे २० टक्क्यांचं अंतर उरतं. पाळणाघराची दोन-तीन वर्षं त्याच्यापुढे ठेवून बघा.

घरातली कामं: अख्खी द्या किंवा देऊच नका

मुलाच्या जन्माआधी आम्ही दोघं एका रविवारी बसलो आणि बाळाशी संबंधित सगळी कामं कागदावर काढली. करायची कामं लिहिणं सोपं होतं. मग प्रत्येकापुढे चार प्रश्न लिहिले: हे करायची वेळ आली हे कोण ओळखणार, कुठून आणि कसं करायचं हे कोण शोधणार, कोण ठरवणार, झालं की नाही हे कोण बघणार. चारही ठिकाणी एकच नाव असेल, तरच ते काम सोपवलं असं धरायचं.

लसीकरण आणि डॉक्टर नवऱ्याकडे गेले. कार्ड त्याच्याकडे, तारखा त्याच्या फोनमध्ये, वेळ तोच घेणार, ताप आला तर रात्री कोण जागणार हेही तोच ठरवणार. कपडे आणि मापं माझ्याकडे. सांभाळणाऱ्या ताईंचा पगार, सुट्ट्या, बोलणी त्याच्याकडे. रात्रीचं दूध अर्थातच माझ्याकडे, पण त्या बदल्यात पहाटे पाच ते आठ बाळ पूर्ण त्याचं आणि मी दार लावून झोपलेली. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. एवढ्या वेळा उठणाऱ्या माणसाला सलग तीन तासांची झोप कोणीतरी राखून द्यावीच लागते, ती आपोआप मिळत नाही.

यातला अवघड भाग सोपवल्यानंतर येतो. चौथ्या महिन्यात एक लस बारा दिवस उशिरा झाली. मला तारीख आठवत होती. सांगावं की नाही यावर मी दोन रात्री तळमळले. शेवटी विचारलं, कारण प्रश्न बाळाच्या तब्येतीचा होता, पण कार्ड परत घेतलं नाही. त्यानेच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ताबडतोब बोलावलं आणि मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागणार नाही असं सांगितलं. पुढची एकही तारीख चुकली नाही. मी त्या दिवशी कार्ड काढून घेतलं असतं तर ते आजही माझ्याच पर्समध्ये असतं. पद्धत वेगळी असेल तर बोलू नका, धोका असेल तर जरूर बोला. एवढी एक रेघ मनात पक्की ठेवा.

मूल आजारी पडलं की कोण थांबणार, हा प्रश्न सकाळी सात वाजता सोडवू नका. त्या वेळी त्याचं रूप ‘कोणाचं काम जास्त महत्त्वाचं’ असं होतं, आणि त्यातून दिवसभर टिकणारी कटुता येते. आम्ही वार वाटून घेतले. सोमवार, बुधवार त्याचे. मंगळवार, गुरुवार माझे. शुक्रवार आलटून पालटून. माझ्या दिवशी कितीही मोठी बैठक असली तरी ती मीच हलवणार, त्याच्या दिवशी तो. अदलाबदल करायची तर आदल्या रात्री नऊपर्यंत. पाळणाघरात जाणारी मुलं पहिल्या वर्षी वरचेवर आजारी पडतात, हे धरूनच चला. आणि पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन क्रमांक वडिलांचा लिहा. आम्ही मुलीच्या वेळी माझा लिहिला होता. पहिला फोन ज्याला येतो, त्याचं काम थांबतं, मग दुसऱ्याला कळवायचं कामही त्याचंच होतं.

माझ्या सासूबाई आठवड्यातून दोन दिवस यायच्या. त्यांनाही आम्ही विचारूनच वार ठरवले. “तुम्ही आहात म्हणून” असं गृहीत धरलेली आजी थकते आणि सांगत नाही.

परत कामावर

बाळाला साधारण आठव्या महिन्यापासून आई दिसेनाशी झाली की रडू येतं, आणि दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान हे सगळ्यात तीव्र असतं. माझं मुलीच्या वेळचं पूर्ण वेळ कामावर परतणं नेमकं नवव्या महिन्यात होतं. ती रडते म्हणून मी तिची नजर चुकवून निघायचे. त्याने ती दिवसभर दाराकडे बघत राहायला लागली. मुलाच्या वेळी दोन आठवडे आधीपासून सुरुवात केली: पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग अर्धा दिवस. रोज समोरून, हात हलवून, तेच एक वाक्य बोलून निघाले. तो रडलाच, पण मी गेल्यावर पाच-सात मिनिटांत थांबायचा, असं ताई सांगायच्या.

दूध काढायचं असेल तर आकडे पाठ करून ठेवा, कारण थकव्यात आठवत नाही. काढलेलं ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम राहतं. बाटलीवर तारीख लिहा आणि जुनं आधी वापरा. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांच्या आत संपवा, नाहीतर ओतून द्या. वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, ते एकसारखं तापत नाही आणि तोंड भाजतं. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायला सांगते आणि पूरक आहारासोबत ते दोन वर्षं किंवा पुढेही चालू ठेवायला सांगते. काहींना ते जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यावर दडपण आणण्याचा कोणालाच हक्क नाही.

जागा मात्र स्वच्छतागृह नको. आमच्याकडे नमुने ठेवायची एक खोली होती. तिला आतून कडी, खुर्ची, प्लग आणि छोटा फ्रिज दिला. वापरायला सुरुवात मी केली, नंतर पॅकिंगमधल्या दोघीजणींनी तीच खोली वापरली. १८३ क्रमांकाचा करार दूध पाजण्याची रोजची सुट्टी कामाच्या वेळेतच धरतो, पगारासकट. तुम्ही व्यवस्थापक असाल तर ही वेळ कोणाला मागायला लावू नका, तिच्या वेळापत्रकात आधीच भरून ठेवा.

आणखी एक, याला कमी लेखू नका. प्रसूतीनंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खचलेलं राहिलं, कशातच रस वाटेना, बाळाविषयी किंवा स्वतःविषयी भीतीदायक विचार येऊ लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर आठवडाही थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाळंतीण झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना नैराश्यासारखा मानसिक आजार होतो. वेळापत्रक सुधारून तो बरा होत नाही, त्यावर उपचार आहेत.

तुमच्या हाताखाली आई असेल तेव्हा

२००७ मध्ये शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. दोन अर्ज, पात्रता सारखी, फरक इतकाच की एकातून कळत होतं की उमेदवार आई आहे. तिला कमी सक्षम ठरवलं गेलं आणि सुरुवातीचा पगारही कमी सुचवला गेला. वडील असण्याचा पुरुषांना असा तोटा झाला नाही. मी हे वाचलं तेव्हा मला माझे नोकरीतले दिवस आठवले. माझ्या गटातल्या एका मुलीला मी परदेशी प्रदर्शनाला पाठवलं नव्हतं. तिचं बाळ लहान आहे, तिला जड जाईल, असं मीच ठरवून टाकलं. तिला विचारलं नाही. माझ्या मनात तिची काळजीच होती, पण संधी तिची गेली.

तेव्हापासून माझा नियम आहे: तिच्या वतीने नकार द्यायचा नाही. विचारायचं, आणि आज नाही म्हणाली तरी तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचं. रजेवर जाण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: रजेत संपर्क हवा का आणि किती, परत आल्यावर कोणतं काम तिचंच राहील, आणि पहिल्या महिन्यात तास कसे असतील. रजेत कोणतीही बढती ठरत असेल तर तिचं नाव यादीत आहे का हे तपासायचं.

कामाची रचनाच अशी हवी की एकाच्या जागी दुसरा उभा राहू शकेल. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलं आहे की जिथे कुठल्याही वेळी हजर राहणाऱ्याला अवाजवी जास्त मोबदला मिळतो, तिथे आया मागे पडतात. उलट अमेरिकेतल्या औषधतज्ज्ञांच्या व्यवसायात रुग्णाची माहिती संगणकावर एकसारखी नोंदली जाऊ लागली, एका तज्ज्ञाचं काम दुसरा सहज पुढे नेऊ लागला, आणि स्त्री-पुरुषांच्या कमाईतलं अंतर खूपच कमी झालं. आमची ग्राहकांची पानं म्हणजे त्याचंच छोटं रूप. ती मी माझ्या बाळंतपणासाठी केली होती. गेल्या वर्षी पर्यवेक्षकाच्या वडिलांचं ऑपरेशन झालं, तो तीन आठवडे नव्हता, तेव्हा तीच पानं कामी आली.

संध्याकाळी साडेपाचनंतर आमच्याकडे बैठक लागत नाही. हा नियम सगळ्यांना आहे. फक्त आयांसाठी ठेवला असता तर तो आयांच्या नावावर उपकार म्हणून लिहिला गेला असता.

महिन्यातून एकदा अर्धा तास

वाटणी एकदा करून पुरत नाही. मूल वाढतं, एक काम संपतं, त्याजागी दोन उगवतात, आणि नवीन काम कोणी उचललं नाही की ते गुपचूप आईकडे सरकतं. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी, मुलं झोपल्यावर, आम्ही तो कागद काढतो. तीनच गोष्टी बघतो: काय नवीन आलं, काय संपलं, कोणाकडचं काय जड होतंय. तक्रारींची ती वेळ नाही. त्या तेव्हाच्या तेव्हा बोलायच्या.

या महिन्यात शाळेच्या मेसेजचा गट त्याच्याकडे गेला. मी त्यातून बाहेर पडले. मुलीचं गणित माझ्याकडे आलं, तिनेच मागितलं म्हणून. सगळ्यात खाली एक नवीन ओळ आहे, ‘शिबिराची चौकशी’. तिच्यापुढे चारही ठिकाणी त्याचं नाव आहे.